रचनाकाराची सही

वर्धा, २० जून २०२५

ती. वर्षालीताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "कायद्याचं इचारायचं असंन तं कागदावर इचार, इथं ट्रकच्या हॉर्नात मले काही आयकू येत नाई," आणि फोन ठेवूनही दिलास. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी तुझ्यापर्यंत आलीच असेल. पुण्याच्या एका संस्थेनं माझा माहितीपट मंजूर केला. पंचवीस मिनिटांचा. विषय तुझेच बाबा, आपले मोठेबाबा, आणि त्यांच्या झडत्या! पुण्याच्या लोकांना झडती कुठून माहीत असणार, म्हणून अर्जात समजावून लिहिलं: पोळ्याला गावचे सगळे बैल तोरणाखाली उभे असतात, तेव्हा एक जण पुढं होऊन गावातल्या माणसांची नावं घेऊन पद्यात टोपी उडवतो आणि शेवटी सगळे हर हर महादेव म्हणतात. आमच्या रोहण्यात हे काम माझे मोठे काका बबनराव करतात आणि त्यांची झडती ऐकायला आर्वीहून लोक येतात, असंही लिहिलं. तेवढ्यावर ते खूश झाले.

पण एक अट आहे. परवानग्या, संमतिपत्रं, कायद्याच्या सगळ्या बाबी यांची एक फाईल लागते. १५ ऑक्टोबरला चित्रपट आणि फाईल दोन्ही द्यायची. एक कागद कमी असला तरी ते चित्रपट लावणार नाहीत. ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्या घरात माध्यमांचा कायदा शिकलेली तू एकटीच, आणि त्या पेपरात तर पहिली आली होतीस. तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही पाठवशील? झेरॉक्स काढून परत करते.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
आकांक्षा

&nbsp;

कारंजा (घाडगे), ३० जून २०२५

चि. आकांक्षा,

अभिनंदन. वाचून आनंद झाला, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

वही नाही. तिच्या पानांत इथं ढाब्यावर पहिल्या वर्षीच भजी बांधून गेली. डोक्यात उरलंय ते लिहिते, नीट वाच.

कॅमेऱ्यापुढं जो माणूस ओळखू येईल त्याचं लेखी संमतिपत्र. कागद मराठीत, त्याला वाचून दाखवायचा, आणि "नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे" हे आधी सांगायचं. लेकरू असेल तर आईबापाची सही. ज्याच्या अंगणात तिपाई लावशील त्या घरमालकाची वेगळी. ग्रामपंचायतीचं ना-हरकत. पोलीस ठाण्यात अर्ज, कारण पोळ्याला गर्दी असते. बैल दाखवणार म्हणजे प्राण्यांच्या बाबतीत कोणाची परवानगी लागते ते लेखी विचारून ठेव, नाहीतर उद्या कोणी म्हणेल बैलांना छळलं. ड्रोन उडवायचं मनात असेल तर विसर. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो किती लांब आहे ते नकाशात बघ आणि मग ठरव की तुला चित्रपट काढायचा आहे की जबाब द्यायचा आहे. मिरवणुकीत डीजेवर सिनेमाची गाणी वाजतात. ती तुझ्या चित्रपटात ऐकू आली तर गाण्याच्या मालकाची परवानगी. ती तुला मिळणार नाही, हे आत्ताच सांगते.

दोनेकशे कागद होतील. झेपलं तर कर. न झेपणारं काम सोडण्यात कमीपणा नसतो, मीही सोडलं होतं.

आता एक विचारते. माझ्या शेवटच्या सत्राच्या लघुपटाचा विषय काय होता, आठवतं? तू बारावीत होतीस, माझ्या खोलीत बसून आराखडा वाचला होतास. झडत्या. लग्नाची तारीख निघाली आणि लघुपट राहिला. नुसत्या कल्पनेवर कोणाला मालकी सांगता येत नाही, कायदा स्पष्ट आहे, मला पाठ आहे. म्हणून मालकी सांगत नाही. फक्त आठवतं का, एवढंच विचारलं.

वर्षाली

&nbsp;

वर्धा, १८ जुलै २०२५

ताई,

आठवतं. अर्जात तुझा उल्लेख करायला हवा होता. केला नाही, हे माझं चुकलं. विषय तुझ्याकडूनच डोक्यात बसला.

तुझं पत्र मी भिंतीवर चिकटवलंय आणि एकेक ओळ खोडते आहे. ग्रामपंचायतीचं मिळालं. ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. बैलांचं लेखी विचारलंय. ड्रोन रद्द, त्याऐवजी बंडूजींच्या गच्चीवरून घेणार, त्यांची घरमालक म्हणून सही झाली. डीजेवाल्याला भेटले, तो म्हणाला, "झडतीच्या टायमाले बंदच ठेवतो बाई, नाईतरी बबनरावच्या पुढं कोन आयकते मले?" संमतिपत्रं एकशे बारा झाली. प्रत्येकाला वाचून दाखवते. घसा बसलाय.

मोठेबाबा फार खुशीत आहेत. मी अंगणात कागद लावत बसले होते तर मोठ्या आईला म्हणाले, "पोट्टीत दम हाय. आपल्या खानदानात असं डोकं कोनाचं नाई." मला तर लाजल्यासारखं झालं.

आणखी काही राहिलं असेल तर सांग. तू नसतीस तर मी नुसता कॅमेरा घेऊन गेले असते आणि फसले असते.

आकांक्षा

&nbsp;

कारंजा, २६ जुलै २०२५

आकांक्षा,

राहिलंय. खरी दोन कामं मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

पहिलं, बदनामी. झडतीत माणसाचं नाव घेऊन त्याची फजिती होते. गावात ती हसण्यावारी जाते, कारण बैल घरी गेले की झडतीही घरी जाते. तू ती पुण्यात पडद्यावर लावणार, तिथं त्या माणसाच्या ओळखीचं कोणी नसेल असं समजू नकोस. तुझ्या चित्रपटात जेवढ्या झडत्या असतील तेवढ्यांतल्या प्रत्येक माणसाकडं जा. "तुमची अशी अशी टर उडवली होती, ती जगाला दाखवू का?" असं तोंडावर विचार आणि सही घे. बघू किती देतात.

दुसरं, रचनाकाराची घोषणा. झडती जुनी, परंपरेनं आलेली असेल तर प्रश्न नाही. पण ज्या झडतीत मोटरपंप आणि मोबाइल येतो ती परंपरेची नसते, ती कोणीतरी बसून रचलेली असते. तिच्यावर त्या माणसाचा हक्क. तर एक कागद कर: "या झडत्या माझ्या स्वतःच्या आहेत, दुसऱ्या कोणाच्या नाहीत." खाली रचनाकार म्हणून सही. बाबांना दोनदा वाचून दाखव. घाईत घेऊ नकोस.

आणि हो, खानदानातलं डोकं वगैरे मला कळवत जाऊ नकोस. मला त्या अंगणात बावीस वर्षं काढून असलं एक वाक्य मिळालं नाही. तुला महिन्याभरात मिळालं. वाचून माझी दुपारची भाकर तशीच राहिली. जळफळाट म्हणतात तो हाच. लपवत नाही.

वर्षाली

&nbsp;

वर्धा, २५ ऑगस्ट २०२५

ताई,

पोळा झाला! सगळं टिपलं. आणि तुझ्या त्या बदनामीच्या कागदांची गंमत ऐक.

मी घाबरत घाबरत बंडूजींकडे गेले. त्यांच्यावर ती झडती आहे ना, रात्री उठून स्वतःचा समजून शेजाऱ्याचा मोटरपंप चालू केला आणि सकाळपर्यंत शेजाऱ्याचं वावर भिजवलं. मी विचारलं, जगाला दाखवू का? ते म्हणाले, "दाखवा ना! पन नाव पुरं घ्या, बापाच्या नावासकट. गावात दोन बंडू हायेत, त्या दुसऱ्याले फुकट मान नोको भेटाले." कमलाबाईंनी तर सहीच्या वेळी नवं लुगडं नेसलं. सगळ्यांनी सह्या दिल्या.

अडला कोण, तर किसनराव. त्यांच्यावर एकही झडती नाही. म्हणाले, "मी का गावात राहत नाई काय? आठ वर्सं तोरनाखाली उभा राह्यलो, एकडाव नाव नाई घेतलं माहं. मले काऊन सोडलं? आधी माह्यावर झडती करा, मंग गर्दीतल्या फोटोची सही." लोकांची टर उडाली म्हणून त्यांचा इतका पोटशूळ असेल असं वाटलं नव्हतं. मी मोठेबाबांना म्हटलं, करा ना एक किसनरावांवर. ते उठले, गोठ्यात गेले, परत आले आणि म्हणाले, "डोस्कं दुखते." शेवटी मी किसनरावांना कॅमेऱ्यापुढं बसवून त्यांची तक्रारच टिपली, तेव्हा सही मिळाली.

पोळ्याला मोठेबाबांनी जुनीच झडती म्हटली. मागून कोणीतरी ओरडलं, "हे तं गेल्या साली झाली!" लोक हसले, पण झडतीला नाही. मला वाईट वाटलं.

रचनाकाराची सही झाली. कागद दोनदा वाचून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बैलांना वैरण टाकून आले, मग सही केली.

आणि आता सोनं! बंडूजींच्या मुलाच्या जुन्या मोबाइलवर २०१७ च्या पोळ्याची चित्रफीत सापडली. मोठेबाबा काय रंगात आहेत!

"कारंज्याच्या ढाब्यावर मांगतली डाळ,
वाटीत पाह्यलं वाकून तं दिसलं आभाळ,
बुडी मारून सापडला दाना एक पिवळा,
मालक म्हने ठेव भाऊ, तो उद्याचा निराळा!"

दोन मिनिटं लोक हसताहेत, बैल बिचकले आहेत. ही धरून अकरा झडत्या झाल्या, आणि हिच्याशिवाय चित्रपट होणं नाही. मोठेबाबांनी ही पुन्हा कधी म्हटली नाही म्हणे. विचारलं तर सांगत नाहीत. ताई, हा ढाबा कोणता ग? म्हणजे, तुमचा तर नाही ना?

आकांक्षा

&nbsp;

कारंजा, २९ ऑगस्ट २०२५

आकांक्षा,

सही खोटी आहे.

एक ओळ लिहून थांबले होते. गिऱ्हाईक होतं. आता पुढं लिहिते.

झडत्या माझ्या आहेत. तुझ्या चित्रपटातल्या अकराच्या अकरा. पहिली मी आठवीत लिहिली, भूगोलाच्या वहीच्या मागे. बाबा पोळ्याच्या आदल्या दिवशी नेहमीची घोकत बसले होते, तर मी म्हटलं, ही बघा. त्यांनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी तोरणाखाली म्हटली. लोकांनी त्यांना उचललं. तेव्हापासून दर श्रावणात मी लिहायची आणि ते म्हणायचे. आठ पोळे. बाईनं तोरणाखाली जाऊन झडती म्हणायची नाही हे मला माहीत होतं. मी बायकांच्या घोळक्यात, बंडूजींच्या ओट्यावर उभी राहून ऐकायची. माझ्या शब्दावर तीनशे माणसं हसायची आणि पाठ थोपटली जायची त्यांची. मी कोणाला सांगितलं नाही. वाटायचं, बाप आहे, एक दिवस स्वतःच सांगेल.

म्हणून तो घोषणेचा कागद करायला लावला. त्यांना अडवायला. मला वाटलं, "दुसऱ्या कोणाच्या नाहीत" हे वाचून दाखवलंस की त्यांचा हात थांबेल. बैलांना वैरण घालायला थांबला, सही करायला नाही थांबला.

हो, ढाबा आमचाच. २०१७ साली मला काय माहीत, दोन वर्षांनी याच घरात सून म्हणून येईन? स्थळ ठरलं तेव्हा बाबांनी मला देवावर हात ठेवायला लावला: ती झडती तुझी आहे हे सासरी कधी कळू द्यायचं नाही. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मधुकररावांना, आपली नक्कल रोहण्यात झाली होती एवढं कुणकुण ऐकून माहीत आहे. व्याह्यानं केली असं समजून ते अजून बाबांशी तुटक बोलतात. सुनेनं केली हे कळलं तर काय होईल, याचा विचार करत मी सहा वर्षं काउंटरवर बसले आहे.

आता तू ठरव. एक तर अकराही झडत्या काढून टाक, नाहीतर माझं नाव लाव. आणि माझं नाव लावलंस तर ढाब्याची झडती काढून टाक. माहीत आहे मला, दोन्हीकडून बोलते आहे. पण तुझी परिस्थिती बरी आहे, तुला फक्त कागद गोळा करायचे आहेत.

तुझा मला हेवा वाटतो, आकांक्षा. तू माझा विषय घेतलास, माझे शब्द घेतलेस, माझा बाप घेतलास, आणि वर मलाच विचारतेस की ढाबा कोणता.

वर्षाली

&nbsp;

वर्धा, ८ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र मोठेबाबांना दाखवलं नाही. ते माझ्या नावाचं आहे.

मी रोहण्याला गेले आणि त्यांना म्हटलं, या सहीबद्दल पुन्हा विचारायचं आहे, कॅमेरा बंद ठेवू का? ते म्हणाले, "चालू राहू दे." मग जे बोलले ते जसंच्या तसं लिहून काढलंय:

"सही खोटी हाय. झडत्या वर्षालीच्या. पह्यली झडती म्हटली तवा लोकायनं मले खांद्यावर घेतलं. घरी आलो तं ते ओट्यावर बसून हासून राह्यली होती. मले बरं नाई वाटलं. पोरगी आपल्याहून हुशार निंगाली तं बापाले आनंद व्हावा. मले हेवा वाटला. मंग दरसाल तेच. तिच्या हातातून कागद घ्याव, अन् तिच्या तोंडाकडं पाहू नये. लग्नाच्या टायमाले दोन स्थळं होते. एक पुलगावचं, ते लोक तिले पुढं शिकवतो म्हने. अन् दुसरं कारंज्याचं. मले माहीत होतं का हा थोच ढाबेवाला. म्हनून तेच धरलं. मी म्हटलं, त्या घरात गेली का हे झडत्यायचं तोंडातून काढनार नाई. लोकायच्या नजरेत मीच राहीन. असं केलं मी. आता झडती सुचत नाई, काहीच सुचत नाई."

अकरा मिनिटं बोलले. मग उठून गोठ्यात गेले.

ताई, माझं काम बघणारे जे सर आहेत त्यांना न दाखवता मी नुसतं सांगितलं, तर ते म्हणाले, चित्रपट इथंच आहे. मलाही कळतं. त्यांची संमती आहे, लेखी, पुन्हा घेतली. पण त्यात तुझं नाव आहे, तुझ्या लग्नाची गोष्ट आहे. तेव्हा तुझ्या सहीशिवाय मी ते वापरणार नाही. सोबत कागद आहे. दोन चौकोन: संमती आहे, संमती नाही. रचनाकाराची नवी घोषणा वेगळी जोडली आहे, ती तुझ्या नावानं.

आणखी एक सांगते. तू मला घाबरवत होतीस हे तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. तरी सगळं केलं, कारण घाबरवताना तू एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हतीस. आणि हेव्याचं म्हणशील तर तुझं पत्र वाचून मीच रडले. तीन वर्षं मी कॅमेरा घेऊन फिरते आहे आणि दुसऱ्यांचं टिपते आहे. तीनशे माणसं हसतील अशी एक ओळ मला आजवर लिहिता आलेली नाही. तू आठवीत लिहिलीस.

आकांक्षा

&nbsp;

कारंजा, २० सप्टेंबर २०२५

आकांक्षा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी पुलगावच्या स्थळापाशी थांबले. त्या स्थळाबद्दल मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुझे भाऊजी वाईट नाहीत, हरिदासांबद्दल माझी तक्रार नाही. पण "म्हनून तेच धरलं" हे वाक्य घेऊन मी दोन दिवस फिरले, आणि तिसऱ्या दिवशी मला भीती वाटेनाशी झाली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मामाजींपुढं उभी राहिले आणि ती झडती म्हटली. जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं. चारही ओळी. दोन ट्रकवाले जेवत होते, त्यातला एक हसताना ठसकला. मामाजी म्हणाले, "हे बबनरावनं म्हटली होती ना?" मी म्हटलं, "म्हटली त्यांनी, लिहिली मी." ते उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक्याला म्हणाले, "डाळ घट करत जा बे." आणि मला म्हणाले, "आन तो कागद. पन सही देतो तं बोर्ड दिसला पायजे पिक्चरमधी. पुरा. फोन नंबरासकट."

झालं. सहा वर्षं ज्याला भ्यायले ते तीन दिवसांत संपलं. बाबांनी मला या घरात ज्या भिंतीआड ठेवलं होतं ती भिंत नव्हतीच. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला इतका राग आला की भांडी घासायला बाई असताना मीच सगळ्या कढया घासल्या.

कागद पाठवते आहे. मामाजींची सही आहे. रचनाकाराची घोषणा भरली आहे, अकरा झडत्या, वर्षाली, पुढं दोन्हीकडची आडनावं. कारंज्याची झडती मी स्वतः म्हणणार, ढाब्यावर, ये आणि टीप.

बाबांच्या बोलण्याचा कागद कोरा ठेवला आहे. ते अकरा मिनिटं तुझ्या चित्रपटातली सगळ्यात मोठी जागा होईल, मला कळतं. म्हणूनही द्यावंसं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण वेगळं आहे. ते बोलणं माझं होतं. ते त्यांनी तुझ्या कॅमेऱ्याला सांगितलं. माणसानं संमती दिली, कागद झाला, सगळं नियमात बसलं, तरी ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही तर पुण्यातल्या लोकांनी ते आधी का ऐकावं? बाबांना सांग, इथं या. माझ्यासमोर बसा आणि हेच म्हणा. अकरा मिनिटं नको, एक मिनिट म्हणा. त्याच दिवशी पहिल्या चौकोनात खूण करीन.

वर्षाली

&nbsp;

वर्धा, २९ सप्टेंबर २०२५

ताई,

काल ढाब्यावर तू म्हटलेली झडती सकाळपासून तीनदा पाहिली. माझा कॅमेरा दोनदा हलला आहे, हसण्यानं. तसाच ठेवणार.

मोठेबाबांना तुझा निरोप शब्दशः सांगितला. बराच वेळ बैलाच्या शिंगाला लागलेला बेगड काढत राहिले. मग म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जातो. सोनं द्याले पोरीकडं जायाचंच असते." मी येऊ का विचारलं. "नाई, तू नोको येजो. कॅमेरा तं बिलकुल नोको."

फाईलचा दिवस पंधरा. तुझ्या कागदाची वाट पाहते. जी खूण असेल ती.

आकांक्षा

&nbsp;

कारंजा, ७ ऑक्टोबर २०२५

आकांक्षा,

बाबा आले होते. तीन तारखेला, सकाळच्या बसनं. पिशवीत वांगी आणि मेथी, खिशात आपट्याची पानं.

मामाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सरळ मिठी मारली. दोघं खाटेवर बसून कापसाला बोंडं किती, रस्त्याचं काम कधी, असलं बोलत राहिले. मी काउंटर हरिदासांकडे दिला आणि बाबांसमोर बाकावर बसले. मामाजी शहाणे, निमित्त काढून उठले. आम्ही दोघंच उरलो. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, ते मला नको होतं.

बाबांनी पानं माझ्या हातात दिली. मी पाया पडले. ते म्हणाले, "बरी हायेस ना?" मी म्हटलं, "बरी हाय." मग त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पाण्याचा गिलास उचलला. मी वाट पाहिली. तीन ट्रक येऊन लागले आणि निघून गेले, मी मोजले. त्यांचे डोळे भरले होते, ते मला दिसलं, आणि दिसलं हे मी त्यांना कळूही दिलं. शेवटी म्हणाले, "दोनची बस हाय." मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि बस सुटेपर्यंत तसाच ठेवला.

कागद सोबत आहे. दुसऱ्या चौकोनात खूण केली आहे: संमती नाही. रागानं केलेली नाही, चार दिवस थांबून केली. त्यांना बोलता आलं नाही, ते मी समजू शकते. कॅमेऱ्याला तोंड नसतं, तो उलटून बघत नाही, त्याला सांगणं सोपं असतं. पण मला जे मिळालं नाही ते पुण्यातल्या खुर्च्यांना मिळावं, एवढं मोठं मन माझं नाही.

बाकी चित्रपट तुझा आहे आणि चांगला होईल. तुझा कागद एकही कमी नाही, ढाब्यावर आलीस तेव्हा मी मोजून पाहिले. माझं नाव पडद्यावर येईल याचा मला आनंद आहे, आणि या वेळी रीत म्हणून लिहिलेलं नाही. तू विषय घेतलास, शब्द घेतलेस, त्याचा हेवा आता उरलेला नाही. एकच उरला आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. ते तुझ्यासमोर बोलले.

वर्षाली